दुसरा आवाज

कूलर बंद केला की सुरुवात होते.
भुसावळात, मे महिन्यात, हा शुद्ध मूर्खपणा.
पण त्या घरघरीत सूर जुळत नाहीत,
आणि ओल्या वाळ्याची हवा लागली की
जिव्हाळ्या फुगतात, रुसतात.

लुकमानचाचा दार लावतात.
खालच्या फटीत जुना गणवेश कोंबतात:
रेल्वेच्या बँडचा, बटणं काढलेला.

मी लोको शेडमधली फिटर.
हवेची गळती हा माझा धंदा.
साबणाचा फेस फासायचा
आणि बुडबुडा कुठे धरतो ते बघायचं.
चाचांच्या पखालीची शिवण मी अशीच शोधली,
मेण भरलं, म्हटलं, फुंका आता.
ते हसले. हिला फुंकत नाहीत, म्हणाले,
हिला उजव्या बगलेत भाता असतो.

मोठ्या मशकीचं हे धाकटं भावंड,
स्कॉटलंडच्या थंड खोल्यांसाठी जन्मलेलं.
चाचांनी चित्र बघून दोन बनवली.
शिसवाची बासरी, बकरीचं कातडं,
आणि खर्जाच्या नळ्यांना
ठिबकवाल्याकडचे उरलेले तुकडे.

तोंड मोकळं राहतं.
तीस वर्षं ज्यांच्या तोंडात नळी होती
ते आता वाजवता वाजवता बोलतात:
कोपर सैल. घाई कुठली, गाडी सुटतेय का?

आधी खर्ज जुळवायचे.
त्यांचा एक, माझा एक.
दोघांच्या मधे काहीतरी थरथरतं,
लांबच्या मालगाडीसारखं, डबा डबा डबा.
मी नळी केसभर सरकवते.
डबे विरळ होतात.
मग नुसता रूळ उरतो.

बँडमध्ये चौदा जण, चाल एकच.
जोसेफ गावितनं तिला दुसरा आवाज लिहिला होता
सत्त्याऐंशी साली, वेळापत्रकाच्या पाठीवर.
बँडमास्तर म्हणाले, रस्त्यावर एकच आवाज पोचतो,
दुसरा घरी वाजवा.
घरी वाजवायला घर कुठे होतं? बराक होती.
मग जोसेफची बदली झाली,
मग नवापूरहून एक कार्ड आलं, काळ्या कडेचं.

तो कागद आता माझ्यासमोर आहे.
चाचा वरून चालतात, मी खालून,
दोन सूर सोडून, कधी तीन,
शेजारच्या घरासारखी: भिंत सामायिक, चूल वेगळी.

तिसऱ्या ओळीत वाळवीनं खाल्लंय.
चार मात्रांचं भोक.
तिथे काय होतं? मी विचारलं होतं.
मला काय माहीत, ते म्हणाले,
मी कधी ऐकलंच नाही.

म्हणून दर वेळी त्या भोकात मी काहीतरी घालते.
कधी त्यांच्याच मागे मागे जाते,
कधी गप्प बसते, खर्ज चालू ठेवून.
आज बोट घसरलं,
नको त्या सुरावर पडलं आणि तिथेच थांबलं,
त्यांचा सूर वरून उतरत आला
आणि दोन्ही असे घासले
की माझे दात शिवशिवले.
पुढच्याच मात्रेला मोकळे झाले.

चाचांचं कोपर थांबलं.
पखाल म्हशीसारखी उसासली.
मला वाटलं, आता बोलणार.
ते कागदाच्या भोकाकडे बघत राहिले,
पलीकडे त्यांचाच गुडघा दिसत होता.

तेवढ्यात भिंतीवर बत्ता वाजला.
कस्तुराबाई फालक. दुपारच्या झोपेवरून
वर्षभर आमच्याशी भांडण.
मी श्वास धरला.

"काबरं बंद केलं व माय?"

चाचांनी घाम पुसला.
उठून कूलर लावला, पाच मिनिटांची सुट्टी.
पाणी खाली टपकू लागलं, पंखा घुमू लागला.
ते मान कलती करून ऐकत उभे.

"उतरलाय," म्हणाले, "पाव सूर."
आणि पेन्सिल शोधू लागले.